मोटारीतील ऊब

श्रीवर्धन, १० जानेवारी १९३४

आबांनी आज तुळशीरामला रक्त येईपर्यंत चाबकाने मारले. आमची मोटार हाकणारा तो. बोर्लीच्या चढावर त्याने ती बांधावर घातली.

"दारू ढोसलीस!"

"न्हाय आबासाहेब! डोकं गरगरलं!"

मी त्याला पाणी दिले. तोंडाला दारूचा वास मुळीच नव्हता. आणि मागे बसलेली आईही ओकली होती — ती कोठे प्यायली होती?

११ जानेवारी

पुढच्या शुक्रवारी केसरताईला तान्ह्यासह बोर्लीला सासरी पोचवायचे आहे. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आबांनी मोटारीच्या खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि तळाची लोखंडी जाळी उघडली. तिच्यातून शेगडीसारखी ऊब येते. कालची फेरी म्हणजे त्याचीच परीक्षा होती.

१३ जानेवारी

आबा बागेत गेले तेव्हा तुळशीरामला विनवले. एका वेळी एकच बदल, शाळेतल्या प्रयोगासारखा. खिडक्या बंद, जाळी बंद — काही नाही. जाळी उघडली — दहा मिनिटांत दोघांची डोकी ठणकू लागली!

मग तो मोटारीखाली शिरला. इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळीभोवती पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तापलेली हवा जाळीतून वर येते. त्या नळीलाच बोटभर चीर! उबेबरोबर धूरही आत येतो.

"म्हंजे ताय, प्यायली मोटार नि फटके खाल्ले मी!" तो हसला, आणि पाठ धरून कळवळला.

१५ जानेवारी

आबांना जेवताना सांगितले. त्यांच्यासमोर सलग चार वाक्ये मी आज प्रथमच बोलले. त्यांनी ताट भिरकावले. माझे कपाळ फुटले.

"परीक्षेत पहिली आलीस म्हणून बापाला खोटं पाडतेस?"

तुळशीरामला काढून टाकले. शुक्रवारी आबा स्वतः हाकणार.

१९ जानेवारी

मी हट्टाने ताईशेजारी बसले. जाळी पायाने लोटून पाहिली. आबांनी ती तारेने आवळून उघडी ठेवली होती. चढावर ताईची मान माझ्या खांद्यावर पडली. बाळ रडायचे थांबले.

"आबा, थांबवा!"

"गप्प बस!"

मी कोपराने काच फोडली. मग दुसरी. हात रक्ताने भरला. बाळाने वाऱ्यात श्वास घेतला आणि किंचाळले! आबा उतरले, मला थोबाडीत मारली, आणि तेथेच रस्त्यावर गुडघे टेकून ओकू लागले.

२१ जानेवारी

तुळशीराम पहाटे वारला. पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या. फौजदार ओटीवर बसले आहेत. आबा आत आले — "एवढंच सांग, तो प्यायला होता." त्यांनी माझ्यापुढे हात जोडले! नळी दाखवायला मी बाहेर जाते आहे.