ताईच्या नावाचं जंगल

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

सकाळी दूध आणलं, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. पहिल्या बसने डोंगराच्या पायथ्याशी उतरलो आणि वर जाऊन आलो. दुपारी जेवलो नाही. घरी आल्यावर ओव्हन लावला. तो तापतोय तोवर लिहायला बसलो.

तुझ्या वनखात्याच्या कार्यालयाची निमंत्रणपत्रिका काल मिळाली. जाड कागद, सोनेरी कडा, वर ताईचं नाव आणि खाली तिचा तो फोटो, जो तिला कधीच आवडला नाही. येत्या सोमवारी तो जळालेला उतार नांगरून साफ करणार, मग तिथे तुझ्या रोपवाटिकेतली रोपं लावणार, आणि पहिलं रोप माझ्या हातून. आत मोठ्या अक्षरांत छापलंय, ‘निर्जीव राखेतून नवं जीवन’. निर्जीव हा शब्द कुणी सुचवला रे? मला इतका संताप आला की ती पत्रिका मी भाजीच्या पिशवीत कोंबली. ती पिशवी घेऊनच आज वर गेलो होतो.

तू तिथे गेला नाहीस. आगीनंतर एकदाही नाही. मी गेलो, आणि गुडघे टेकून, वाचायचा चष्मा लावून बघितलं. काळ्या खोडांच्या मधे, राखेत, टाचणीएवढी पाइनची रोपं आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर हिरव्या काड्यांची उघडी छत्री. इतकी दाट की परत येताना पाय कुठे ठेवावा कळेना. या वयात एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारत उतरलो. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा बिथरला, असं म्हटलं असतं. ती कुणीही लावलेली नाहीत. पत्रिका न छापता आली आहेत.

ती कुठून आली हे मी तुला सांगायची गरज नाही. आपल्या जेवणाच्या टेबलावर तुम्हा दोघा भावंडांचं दुसऱ्या कशावरून भांडणच नव्हतं. एकाच जातीचं झाड, पण काहींचे शंकू, म्हणजे बियांची ती खवल्यांची बोंडं, दर उन्हाळ्यात आपोआप उघडतात, तर काहींचे राळेने घट्ट बंद असतात. वर्षानुवर्षं फांदीवर तसेच राहतात आणि आगीच्या धगीनेच उघडतात. हे आईबापांकडून येतं, जसं तुझं नाक माझ्याकडून आलं. जिथे वारंवार आग लागते तिथे बंद शंकूवाल्यांचीच पोरं राखेत आधी उगवतात, म्हणून पिढ्यानपिढ्या तीच वाढत जातात. खाली दरीत, जिथे आग पोचत नाही, तिथे उलटं. तो उतार असा हजारो वर्षं आगीने निवडून काढलेला आहे. ताईने तेच तर तपासलं, झाडामागून झाड.

आणि तू काय करतोस? तुझ्या शेडमध्ये शंकू उन्हात ट्रेवर पसरतात. उघडले त्यांचं बी घेतात आणि न उघडलेले बॉयलरमध्ये टाकतात. तुझ्या आधीचे साहेबही तेच करत होते. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण तुमच्या रोपवाटिकेत आगीची तयारी असलेलं एक झाड उरलं असेल तर शपथ. ताई तुला म्हणायची, “धाकटे साहेब, तुमच्या बॉयलरमध्ये ते छान उघडत असतील हो, पण आत उगवायचं कसं त्यांनी?” तू चिडायचास, “तुझी झाडं वाकडी, माझी सरळ!” त्यावर ती, “सरळ आहेत ना, मग सरळ जळतील.” आणि तुझी आई दोघांनाही म्हणायची, आधी पानातलं संपवा.

ती सरळ झाडं आता तू तिच्या उतारावर लावणार. तिची रोपं नांगराखाली घालून, वर तिच्या नावाचा दगड बसवणार. अरे, ज्याने आयुष्यभर तिच्याशी हाडवैर केलं असतं त्यालाही हे सुचलं नसतं.

लोक मला म्हणतात, त्या आगीची बाजू तुम्ही कशी घेता? मी कुठे बाजू घेतो? वारा फिरला, विझवणाऱ्यांबरोबर ती ज्या बाजूला होती तिकडची वाट बंद झाली, आणि माझी पोर गेली. त्या आगीचा मला जितका राग आहे तितका तुमच्या अख्ख्या खात्याला मिळून नसेल. पण म्हणून तिने शोधलेलं खोटं होत नाही. माझ्या दुःखासाठी झाडांनी आपली रीत बदलावी, असं मी म्हणू शकत नाही. तूही म्हणू नकोस.

तू म्हणशील, बाबा भावनेच्या भरात लिहितात. म्हणून मधेच उठून तिच्या खिडकीतला एक बंद शंकू ओव्हनमध्ये ठेवला. ती ठेवायची तसाच, पसरट ट्रेमध्ये. थोड्या वेळाने तडतड ऐकू आली. बाहेर काढला तेव्हा सगळे खवले उघडले होते, आणि पंख असलेलं बी ट्रेवर पडलं होतं. इतकी वर्षं आत जिवंत थांबलेलं.

तुला काळा डोंगर बघवत नाही, हे मला कळतं. तो लवकर हिरवा दिसावा म्हणून तुझी ही सगळी धडपड, तेही कळतं. पण सोमवारी ट्रॅक्टर पाठवू नकोस. पाठवलास तर गॅलरीतली घडीची खुर्ची घेऊन मी उताराच्या तोंडाशी बसलेला असेन. चालकाने कार्यालयात फोन केला आणि सगळ्यांसमोर तुला कळलं की वाटेत तुझा बाप बसलाय, तर तुझी मान खाली जाईल. ते मला नको, म्हणून आधी कळवतोय. त्यापेक्षा तू स्वतः ये. दुसरी खुर्चीही आहे घरात. बघायचं असेल तर चष्मा मात्र तुझा तू आण.

ट्रेला राळ चिकटली आहे. ती नुसत्या गरम पाण्याने निघत नाही, आधी तेल चोळावं लागतं, हे ताईनेच शिकवलं होतं. तेल चोळून ठेवलंय. आता घासायला घेतो.

तुझाच,
बाबा