हंगामाच्या मध्यावर दिलेला पिचर

शनिवार, २९ जुलै २०१७, तोआ पायोह

आज आमची बेसबॉल टीम जिंकली आणि मला आनंद झाला नाही. लिहितानाही लाज वाटतेय.

पाच वर्षं टीमचा सहायक मी. मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा कमिटीने घेतलं संदीपला, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इथे परदेशात आलेल्याला! त्याने ऐन हंगामात आमचा सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, शेजारच्या क्वीन्सटाउनच्या टीमला दिला आणि बदल्यात त्यांचा कॅचर, बॅटवाल्याच्या मागे झेलायला बसणारा, घेतला.

"वेडा आहेस का? आत्ता?" मी विचारलं होतं.

"दादा, हंगाम संपल्यावर बदलून काय उपयोग?"

त्याच कॅचरने आज शेवटचा धावणारा बाद केला. तोच कॅचर! सगळ्यांनी संदीपला उचललं. मी बॅटी गोळा करत बसलो.

तर संदीप सगळ्यांसमोर म्हणतो, "हा कॅचर घ्यायचं दादांनीच गेल्या वर्षी सुचवलं होतं."

सुचवलं होतं खरं, चहा पिता पिता. करायची वेळ आली तेव्हा घाबरलो मीच. टाळ्या मलाही मिळाल्या.

श्रेय त्याने स्वतःकडे ठेवलं असतं, तर निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.