खेळ किती अवघड ठेवायचा

आई, उद्या संध्याकाळी मला केंब्रिजमध्ये एका सभेत बोलायचं आहे, आणि आज दुपारपासून तुला एकच गोष्ट विचारावीशी वाटते आहे. तुला ते काम आवडायचं का? तुला जाऊन तीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात तुझ्या कामाबद्दल मी इतक्या व्यासपीठांवरून बोलले, की त्यात मला विचारण्यासारखं काही उरलं असेल असं कधी वाटलंच नाही.

मी काय बोलते ते तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी युनियनच्या सभांत नुकता कुठे आवाज चढवायला शिकत होते. आता माझा विषय आहे मुलांच्या फोनवरचे खेळ. हे खेळ संपत नाहीत, मुलाला थांबू देत नाहीत, आणि वर थांबता येत नाही म्हणून त्यालाच अपराधी वाटायला लावतात. ते बनवणाऱ्यांना कायद्याने वेसण घातली पाहिजे असं माझं मत आहे आणि ते मी हळू आवाजात मांडत नाही. त्यासाठी मी मुळापर्यंत वाचलं. कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये नाणं टाकून पडद्यावर टेनिस खेळायचं पहिलंवहिलं यंत्र ठेवलं आणि काही दिवसांतच ते बंद पडलं. दुरुस्तीला गेलेल्या माणसाला कळलं की ते बिघडलेलं नाही, नाण्यांनी तुंबलंय. परग्रहवासीयांवर गोळ्या झाडायच्या त्या जपानी खेळाचं तर मला अजून नवल वाटतं. जितके मारावेत तितके उरलेले जोरात धावतात, आणि हे कुणी मुद्दाम योजलेलंच नव्हतं. शत्रू कमी झाले की यंत्राला चित्र काढायचं ओझं कमी, म्हणून वेग जास्त. निर्मात्याने ते पाहिलं आणि तसंच ठेवलं. इथे ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये या यंत्रांना आवर घालायचा प्रस्ताव आला होता, तो थोडक्यात पडला. मी तिथे असते तर पडू दिला नसता.

आणि या सगळ्या इतिहासात बेसिंगस्टोकच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तू होतीस. पुण्याची फिजिक्सची पदवी, साडीवर तपकिरी कार्डिगन, आणि नोकरी काय, तर बनून आलेलं प्रत्येक यंत्र बाहेर जाण्याआधी खेळून बघायचं. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे." घरी आल्यावर थालीपीठ थापताना तुझा उजवा अंगठा मधूनच आपोआप हलायचा, पिठावर बटण असल्यासारखा. मी तेव्हा हसायचे. आता वाटतं, त्या क्षणी तू स्वयंपाकघरात नसायचीसच.

माझ्या भाषणांचा शेवट कायम एकाच प्रसंगाने होतो. मंडळाची समुद्रावरची सहल. बसभर माणसं, डब्यात पुऱ्या, अंगात शिरणारा वारा. मी नऊ-दहा वर्षांची, पिअरवरच्या, म्हणजे समुद्रात गेलेल्या धक्क्यावरच्या, खेळयंत्रांच्या आर्केडमध्ये शिरून एका यंत्राला चिकटलेली आहे. तू मागून येतेस, थोडा वेळ माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघतेस आणि माझं मनगट धरतेस. "बास. बाहेर चल. या यंत्राला परत हात लावायचा नाही." सगळ्यांसमोर. मी रडकुंडीला आलेली. शेजारच्या काकू मध्ये पडतात. "अहो, खेळू दे की पोरीला! तुम्हीच करता ना ही यंत्रं? हलवायाच्या घरी पेढ्याला बंदी, असं कुठे असतं का?" सगळे हसतात. तू हसत नाहीस. म्हणतेस, "मी करते, म्हणूनच."

एवढं सांगून मी सभागृहाला विचारते. बनवणारीला ठाऊक होतं की हे विष आहे, म्हणून तिने ते आपल्या मुलीला दिलं नाही. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आज दुपारी आयोजकांनी मला इथल्या जुन्या संगणकांच्या संग्रहालयात नेलं. तिथे आर्केडची यंत्रं ओळीने उभी आहेत, सगळी चालू. त्यांची देखभाल करणाऱ्या एका म्हाताऱ्या इंग्रज इंजिनियरने माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "तू प्रोफेसरची मुलगी?" तुला शेडमध्ये प्रोफेसर म्हणायचे हे तू कधी सांगितलं नाहीस. तो पुढे म्हणाला, "आम्ही तिला प्रोफेसर म्हणायचो आणि ती आम्हाला गाढव. आम्हाला वाटायचं, काहीतरी लाडाचं असेल." त्याच्या तोंडून आलेल्या त्या मराठी 'गाढव'चा उच्चार इतका तुझा होता आई, की मला हसू आवरेना.

त्याने एका यंत्राची पाठ उघडली आणि आतली चिमुकल्या स्विचेसची रांग दाखवली. खेळाडूला किती जीव द्यायचे, शत्रू किती वेगाने सोडायचे, सगळं तिथे ठरतं. ते तू ठरवायचीस, तो म्हणाला. शेडच्या मालकाला खेळ लवकर संपायला हवा असायचा, म्हणजे पुढचं नाणं लवकर. तू स्टुलावर बसून भांडायचीस. "यंत्राने मारलं असं वाटलं तर माणूस चिडून निघून जाईल. आपल्याच चुकीने मेलो असं वाटलं पाहिजे, आणि ते खरंही असलं पाहिजे."

खेळणाऱ्यालाच दोषी वाटायला लावायच्या ज्या युक्तीवर मी उद्या तुटून पडणार आहे, ती तुझ्या तोंडची? मी त्याला पिअरचा प्रसंग सांगितला. तो लगेच म्हणाला, "आठवतं ना! त्या सोमवारी ती लालबुंद होऊन आली. आर्केडवाल्याने आमच्या यंत्राचे स्विच फिरवले होते. ज्या शत्रूपासून वाचणं शक्यच नाही, तो लहान मुलांवर सोडला होता. पाठ सीलबंद करा म्हणून तिने मालकाच्या मागे लकडा लावला. ऐकलं कुणी नाही."

म्हणजे तू मला खेळापासून ओढून काढलं नव्हतंस? फक्त लबाडीपासून? का दोन्ही? तो म्हाताराही आठवणीतूनच बोलतोय, चुकत असेल. पण तू घरात बुद्धिबळाचा डावसुद्धा मला कधी मुद्दाम जिंकू दिला नाहीस, आणि मी हरले की म्हणायचीस, "परत लाव." मला तो तुझा कठोरपणा वाटायचा. आणि "ते खरंही असलं पाहिजे" हा त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तुझा प्रामाणिकपणा होता की गळाला लावलेलं आमिष? मालकाला तर शेवटी नाणंच मिळत होतं. तुला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. मग रात्री झोप लागायची का? की यंत्र न्यायाने वागतंय एवढं तुला पुरायचं?

माझं मत बदललेलं नाही. फोनवरचे ते खेळ म्हणजे फिरवलेल्या स्विचेसचीच यंत्रं आहेत, आणि त्यांची पाठ उघडायला लावणारा कायदा हवा, हे मी उद्या गरजून सांगणार आहे. पण पिअरचा प्रसंग आता जुन्या पद्धतीने सांगता येणार नाही. तुला विषाची साक्षीदार म्हणून मी उभं केलं, आणि तू कदाचित चांगल्या खेळाची बाजू घेऊन भांडत होतीस. भाषणाच्या शेवटाची जागा आत्ता रिकामी आहे. समोर हॉटेलचं कोरं पॅड आहे आणि मी भाषण सोडून तुला लिहीत बसले आहे. हे पत्र जाणार कुठे? सकाळी मी ते बॅगेच्या तळाशी सरकवून देईन.

एक राहिलं. निघताना त्या म्हाताऱ्याने विचारलं, "प्रोफेसरच्या सेटिंगवर लावू?" मी हो म्हटलं. लगेच मेले. डावीकडे सरकायला हवं होतं, उजवीकडे गेले. चूक सरळ माझी. तिथे नाणं लागत नाही, त्यात कुणाचा नफा नव्हता, तरी मी पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. आयोजक गाडीपाशी खोळंबले होते, त्यांना मी खोटंच सांगितलं की इतिहासाबद्दल काही महत्त्वाचं विचारायचं राहिलंय. उद्या सभेत मी तुझी सगळी गोष्ट सांगेन, पण हे नाही सांगणार: आई, मला तिथून निघायचंच नव्हतं.