बॉनेटवरचा नारळ

फाल्गुन वद्य तृतीया, १९३४

आज ओहोटीला भाट्याच्या पुळणीवर मोटारींची शर्यत होती. मी गेलो नाही.

गाडी तयार आहे, तेच तर दुखतं. उतारू नेणाऱ्या, मोडीत निघालेल्या सर्व्हिस मोटारीचं टप कापून, रॉकेलच्या डब्यांचा पत्रा ठोकून दादाने आणि मी ती उभी केली. बोटीवर खलाशी म्हणून जाताना त्याने बॉनेटवर नारळ ठेवला. "मी आल्याशिवाय फोडू नकोस हं." दोन शिमगे गेले. त्याचं पत्र नाही, त्या बोटीचाही पत्ता नाही.

आज दुपारी आईच म्हणाली, "आता वाट नको बघूस. फोड तो नारळ."

रोज बंदरावर जाऊन चौकशी करणारी आई असं म्हणते? मला रागच आला. रागातच फोडला. पाण्याचा थेंब नाही, आत नुसता सुका गोटा. हँडल मारलं, तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दादा नाचला असता. मी लगेच बंद केलं. पळवू कोणासाठी?

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो. त्याच नारळाच्या खोबऱ्याचे तुकडे आईने प्रसाद म्हणून काढले होते. एक माझा, एक तिचा. तिसरा दादाच्या वाटीत, झाकून ठेवलेला.