छातीपुरता चौकोन

साखळी, ऑगस्ट १९८७

प्रिय कृष्णनाथ,

शिरगावच्या खाणीत धूळ खाऊन साखळी ते पार्से खोकत बसलेल्या तमाम बांधवांनो! (म्हणजे तू आणि मी. सभेची सवय, सांभाळून घे.) आपलं गाऱ्हाणं एकच होतं: तीन महिने खोकला आणि एक्स-रेत नुसतं धुकं. घरी सगळी बरी ना? गंगावहिनींना नमस्कार. तू कोंकणीवाला, मी मराठीवाला. राजभाषा कोणती यावरून दोन वर्षं भर चौकात भांडलो, वेगळं राज्यही मिळालं, खोकला मात्र दोघांचा एकाच भाषेतला.

तर त्या धुक्याचा निषेध करायला मी पुन्हा दवाखान्यात गेलो. सोबत आमची सौ. शेवंती, मेहुणा महादेव आणि दोन शेजारी (आजाऱ्याला एकटं सोडायची आपल्यात रीत नाही). यंत्र कमजोर आहे, जास्त शक्तीचं आणा, अशी पंधरा मिनिटं गर्जना केली. एक्स-रे काढणारी गौरवी नवीन, पेडण्याची. तिने जुनी फिल्म उजेडासमोर धरून विचारलं, "काका, किरण एवढे पसरून सोडायला कोणी सांगितलं?" मी गप्प. (या वर्षात पहिल्यांदाच.)

ती म्हणाली, किरण अंगावर आपटून चौफेर उधळतात. जितक्या जास्त अंगावर पडतील तितकी उधळण, आणि तीच फिल्मवर धुकं होऊन बसते. जवळ उभ्या असलेल्यांनाही लागते. मग तिने आमचं वऱ्हाड बाहेर काढलं आणि किरण कुठे पडणार ते दाखवणारा दिव्याचा चौकोन माझ्या छातीपुरता आवळला. "श्वास घ्या, धरा." एवढी शांतता कोणता वक्ता वाया घालवील? मी सुरू केलं, "या ऐतिहासिक क्षणी..."

"काका, उलोव नाकात!" (बोलू नका, म्हणे. मला!)

दाराबाहेरून शेवंती म्हणते, "बाय, हे यंत्र घरी न्यायला मिळेल का गो?"

फिल्म आली. बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी! उजवीकडे वर एक डाग, स्पष्ट. थुंकी तपासली, क्षय निघाला. घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलाय, गोळ्या न चुकता घेतल्या की बरा होणार. गोळ्या सुरू होऊन महिना झाला, भूक परत आली आहे.

तुझा,
शिवदास

ता. क. पुढचं भाषण पाच मिनिटांचंच. छातीपुरतं.

आणखी ता. क. खरं सांगतो. "सरकारने अर्धाच माणूस का बघावा? हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत आख्खा बघा!" असं, आपण दोघं मिळून एक्स-रे काढायला गेलो त्या पहिल्या दिवशी, मीच ओरडलो होतो. माझ्या वेळी, आणि तुझ्याही. तुझी फिल्म माझ्या भाषणाने बिघडली. 'काही दिसत नाही म्हणजे काही नाही' म्हणत तू ती कपाटावर टाकलीस. गुरुवारी पहिल्या बसने ये आणि एक्स-रे पुन्हा काढून घे. मी दारात उभा असेन. बाहेर, आणि गप्प.