अकरा पाखरांची नोंद

धंतोली, नागपूर
७ मार्च १९८४

प्रिय प्रेमिला,

सावनेरला तू मावशीकडे आहेस, एवढं तुझ्या आईकडून कळलं. पत्ता तिनं दारातच लिहून दिला. आत ये म्हणाली नाही, आणि तिनं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आधी इथलं सांगते. तलाव अजून तसाच आहे. काठच्या बेशरमाच्या झुडपांवर गुडघाभर उंचीवर काळी रेघ दिसते, डिसेंबरात तेल तिथवर चढलं होतं. वाडीच्या त्या गोदामवाल्यानं फुटलेल्या टाकीच्या जागी नवी टाकी बसवली, तिला चंदेरी रंगही दिला. तलावाकडे मात्र कोणी फिरकत नाही. मी तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या. एक म्हणते, पाणी आमचं, पण त्यावरची पाखरं आमची नाहीत. दुसरी म्हणते, पाखरं आमची, पण ती जंगलात असतील तर. तिसरीतल्या साहेबांनी हसून विचारलं, "बाई, बदकं तर लोक खातात. मग एवढं काय?" त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून खिडकीबाहेर भिरकावावासा वाटला. पण सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली मी; अर्ज पुढे सरकवून पोच मागितली.

तुला तो पहिला दिवस आठवतो का? मी आणि बँकेतला मुकुंद नेहमीसारखे दुर्बीण घेऊन पाखरं मोजायला गेलो होतो, आणि मोजायला पाणीच दिसेना. नाल्यातून आलेलं भट्टीचं तेल काठोकाठ पसरलं होतं. टिबुकल्या बुडी मारून वर येत त्या काळ्याच होऊन. चोचीनं पंख साफ करायला जात आणि तेच तेल गिळत. मला दुसरं कोणी सुचलं नाही, तुझी आठवण झाली. नववीत माझ्या वर्गात असताना बेडकाचं हृदय न फाडता बाहेर काढणारी तू एकटीच होतीस. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागल्यावर पेढे घेऊन आली होतीस. मी निरोप धाडला आणि तू ड्यूटी संपवून तशीच सायकलवर आलीस.

पुढचे चार आठवडे आपण ग्रामपंचायतीच्या रिकाम्या कोंडवाड्यात काढले. घमेल्यात कोमट पाणी, रिठ्याचा फेस, जुन्या धोतरांचे तुकडे. एकेक पाखरू तू मांडीवर घ्यायचीस, आधी डोळे पुसायचीस, मग चोच, मग पंख. मी प्रत्येकाच्या पायाला रंगीत दोरा बांधून नोंदवहीत क्रमांक घालायची. कुठं सापडलं, किती तेल, काय खाल्लं, मेलं तर कधी. नत्थू ढीवर आपल्या डोंग्यातून पाखरं आणून द्यायचा. एकदा तो टोपली ठेवून म्हणाला, "बाई, तुमी पाखरं धुऊन राहिले, बरं करून राहिले. पण आमच्या मासोळ्या कोण धुईन?" तू खाली मान घालून धूत राहिलीस. मी त्याला म्हटलं, आधी जगाला हे दिसू तर दे, मग तुमचंही दिसेल. मला खरंच तसं वाटत होतं, प्रेमिला. आपल्या त्या वहीवर मी फार भिस्त ठेवली होती.

पण कोणी बघायला येत नव्हतं. म्हणून जानेवारीत वर्तमानपत्राचा माणूस आणि एक मोठे अधिकारी रविवारी यायला तयार झाले, तेव्हा मला ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. फुटाळ्याच्या स्वच्छ तलावावर सगळ्यांसमोर तेवीस पाखरं सोडायची असं मी ठरवून टाकलं. शनिवारी तू एक चक्रांग बदक घमेल्यात सोडून मला दाखवलंस. "बाई, पाणी अजून पंखात शिरून राहिलं. अंगावर ठरत नाही. आठ दिवस थांबा ना." मी म्हटलं, आठ दिवसांनी साहेब येणार आहेत का? तू पुन्हा सांगितलंस. मी तुझ्यावर ओरडले, वर्गात ओरडायची तशी. मग तू बदक उचलून पुसायला घेतलंस.

रविवारी टोपल्यांची झाकणं तू उघडलीस. फोटो निघाले, टाळ्या झाल्या, गाड्या गेल्या. अर्ध्या तासात पाखरं पाण्यात खोल बसायला लागली. धडपडत काठाकडे यायची आणि मध्येच खाली जायची. तू साडीसकट छातीभर पाण्यात शिरलीस. बारा वाचवलीस. अकरा गेली.

इथवरचं तुलाही ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही, आणि ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं, "२३ पक्षी सोडले. सोडणारी: कु. प्रेमिला." हात तुझेच होते, म्हणजे खोटं लिहिलं नाही, असं मी मनाला सांगितलं. तू सोडू नका म्हणाली होतीस, ते लिहिलं नाही. चौकशीला अधिकारी घरी आले, त्यांनी विचारलं, पाखरं कोणाच्या निर्णयानं सोडली? मी म्हटलं, "वहीत सगळं आहे." वहीत काय आहे ते मला माहीत होतं. त्यांच्या अहवालात आलं की पक्षी तेलानं मेले हे सिद्ध होत नाही, एका अडाणी स्वयंसेविकेच्या निष्काळजीपणानं ते दगावले. गोदामवाला सुटला. दवाखान्यानं तुझी हंगामी नेमणूक वाढवली नाही. तुझ्या वस्तीतल्या मुलीवर ठपका ठेवणं त्यांना किती सोपं गेलं, हेही मला दिसत होतं. तरी मी तीन आठवडे गप्प बसले.

आज सकाळी लेखी निवेदन देऊन आले. निर्णय माझा होता, प्रेमिलानं दोनदा थांबवलं होतं, असं माझ्या सहीनं. बाबू म्हणाला, फाइल बंद झाली, आता घेता येत नाही. दुपारी तीनपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिले, तेव्हा त्यानं शिक्का मारला. एक प्रत तुझ्या दवाखान्यात दिली, एक सोबत जोडली आहे. यानं अहवाल बदलेल असं मला वाटत नाही. तुझी नोकरी परत मिळेल असंही खोटं सांगणार नाही. माफी मागायला मी सावनेरला येणार होते. पण तू दार उघडावंसच, असा भार तुझ्यावर कशाला टाकू? परतताना तलावावर नत्थू भेटला, त्यालाही सगळं सांगितलं. जाळ्याची गाठ सोडवता सोडवता तो म्हणाला, "एवढंसंच तं सांगाचं होतं बाई. मंग इतका टाइम काहून लागला?"



तुझीच,
यमुताई