वडिलांची वाघूर कोणाला

मी, धुळाजी म्हाळू शेंडगे, वय ६६, निवृत्त सुभेदार, राहणार धनगरवस्ती, कडा शिवार, ता. आष्टी, जि. बीड, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे माझ्यामागे राहणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मनाचा दाखला मी मागितला नाही.

१. राहते घर पत्नी बायडाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. नंतर मुलगा जीवन व मुलगी शिवकन्या यांना निम्मे-निम्मे. बँकेतली शिल्लक बायडाबाईची. तिने ती देवाधर्मावर उधळली तरी कोणी ब्र काढू नये.

२. चार एकर जमीन जीवनला. आमचा बांध कोरणाऱ्या चुलतभाऊ गहिनीनाथला मी माफ केलेले नाही. तरी तेराव्याला त्याला पंगतीत बसवावे, भाजी वाढताना हात आखडू नये.

३. मेंढ्या आणि वडिलांची वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायचे जाळे, बालमित्र बजरंगला. मी त्या जाळ्याच्या लायकीचा राहिलो नाही. नोकरीत असताना मी परदेशी फौजेच्या तुकड्यांना शिकवत असे. गाव कसे घेरावे, हा एक धडा होता. मला पुस्तकी भाषा जमेना, म्हणून वडिलांची रीत सांगितली: तीन बाजूंनी वाघूर लावायची, चौथी वाट मोकळी सोडायची, आधी कळपापुढे चालणारा घंटीचा एडका धरायचा, कळप आपल्या पायाने त्या वाटेला लागतो. पोरे खूश झाली. डावाला त्यांनी नावच 'वाघूर' ठेवले. मला पितळी ढाल मिळाली.

४. ती ढाल जीवनने बैठकीत दर्शनी लावली आहे. ती उतरवावी. माझ्या मयतीला बिगुल, मानवंदना काही नको. जीवन रुसेल, रुसू द्यावे.

५. शिवकन्या बीडला असल्या प्रशिक्षणाविरुद्ध सह्या गोळा करते. दोन वर्षांपूर्वी तिने एक अहवाल घरी आणला. त्याच परदेशी फौजेने स्वतःच्याच देशातले एक खेडे घेरले होते. आधी म्हातारा मुखिया धरला. लोक मोकळ्या वाटेने पळाले, तिथे बंदुका होत्या. एकेचाळीस माणसे गेली. वाचलेल्या बाईच्या जबाबात होते की शिपाई 'वाघूर, वाघूर' असे ओरडत होते. पोरीने विचारले, "आप्पा, आपला शबुद तितं कसा गेला?"

मला माहीत होते. मी तिला चारचौघांत देशद्रोही म्हणालो आणि घराबाहेर काढले. तेव्हापासून गाव तिला तेच म्हणते. मला त्या एकेचाळीस माणसांची लाज वाटते. त्या दिवशी मात्र पोरीसमोर उघडा पडलो, याचीच जास्त वाटली होती. आता त्याचीही वाटते.

६. सगळी हकिकत, तुकडीची नावे आणि माझी सही असा कबुलीजबाब पाकिटात बंद आहे. माझ्या मरणानंतर शिवकन्येने तो कलेक्टर कचेरीसमोर वाचावा.

दुरुस्ती: कलम ६ मी स्वहस्ते खोडले आहे. साक्षीदारांना हे वाचून दाखवताना बजरंगने वाघूर आणि मेंढ्या घ्यायला नकार दिला. म्हणाला, "मेल्यावर सांगनार व्हय बे? तवर तुझ्या वाट्याच्या शिव्या त्या पोरीनं कशाला खायच्या?" बायडाबाई दारातून म्हणाली, "लावू का फोन तिला?" तिने माझ्या होकाराची वाट पाहिली नाही.

मी एवढेच बोललो, "शिवे, आप्पा बोलतोय. सही करायची हाय." ती म्हणाली, "सोमवारी अकराला कलेक्टर कचेरीसमोर या. तुमच्या बीपीच्या गोळ्या घेऊन या."

म्हणून कलम ६ ऐवजी: पाकीट आज फोडले. सोमवारी मी स्वतः वाचणार. कलम ३ मधली वाघूर शिवकन्येला. त्या जाळ्याचे काय करायचे ते तिने ठरवावे. मेंढ्या बायडाबाईला. वाचताना माझा आवाज गेला तर पुढचे शिवकन्येने वाचावे. माझे नाव मात्र मीच वाचीन.

लिहून देणार: धुळाजी म्हाळू शेंडगे (सही)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. बजरंग (अंगठा)
२. उत्तरेश्वर, निवृत्त गुरुजी (सही)

ठिकाण: कडा
शनिवार, ११ जानेवारी २०२५